बिघाड नसलेले संगणक

सांगलीत संगणक दुरुस्तीचा धंदा काढला तेव्हा वाटलं होतं, हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवायला सवड मिळायची नाही. पॉवर सप्लाय जळतील, रॅम ढिली होईल, हार्ड डिस्क कुरकुरायला लागेल आणि आपण पेटी उघडून बसू. तसंही झालं, नाही असं नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा तर गाळाने भरलेल्या पेट्या रांगेने धुतल्या. पण एरवी जिथे बोलावणं यायचं, तिथलं यंत्र बहुतेक वेळा ठणठणीत असायचं. बिघडलेलं काहीच नसायचं आणि तरी काम ठप्प असायचं.

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. नोंदी करताना आकडा आठवेपर्यंत त्यांची उजवी करंगळी शिफ्टच्या कळीवर टेकून राहायची. उजवी शिफ्ट सलग आठ सेकंद दाबून धरली, की विंडोज फिल्टर कीज नावाची एक सोय देऊ करतं. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी ती केलेली आहे. कळीला नुसता ओझरता स्पर्श झाला तर यंत्र तो धरत नाही, कळ थोडा वेळ दाबून ठेवली तरच अक्षर उमटतं. या सोयीची चौकट पडद्यावर आली, की दिवाणजी सवयीने एंटर मारायचे आणि कीबोर्ड मेला म्हणून ओरड व्हायची. मालकांनी नवा कीबोर्ड आणला, तर तोही चार दिवसांत तसाच. मी पोचलो तेव्हा दिवाणजींनी पहिला प्रश्न केला, ‘‘माझ्या बोटांतच काय दोष आहे का हो?’’

हा प्रश्न मला पुढे फार जणांनी विचारला. शब्द वेगळे असायचे, एवढंच.

मिरजेच्या एका दवाखान्यात कंपाउंडरने मॉनिटर उलटा करून जाड पुस्तकांच्या आधाराने उभा केला होता, कारण पडद्यावरचं सगळं चित्रच उलटं झालं होतं. कंट्रोल, ऑल्ट आणि खालचा बाण एकदम दाबले गेले, की त्या काळातल्या बऱ्याच संगणकांवर पडदा उलटा व्हायचा. वरचा बाण दाबला की सरळ. पोरगा हुशार होता, त्याने त्याच्या परीने उपाय काढला होता आणि पेशंटांच्या नोंदी चालू ठेवल्या होत्या. कोर्टाजवळच्या एका टायपिस्टने फोनवर सांगितलं, ‘‘अक्षरं खाणारा व्हायरस आलाय.’’ मजकुराच्या मध्ये एखादा शब्द घालायला जावं, तर पुढची अक्षरं गडप होतात. इन्सर्टची कळ चुकून दाबली गेलेली. पतसंस्थेत कॅशियर आकडे टाकतोय तर आकडे उमटायच्या ऐवजी कर्सरच इकडेतिकडे पळतोय, नम लॉक गेलेलं. पासवर्ड घेत नाही, कॅप्स लॉक चालू. अक्षरं एकदम मुंगीएवढी झाली, कंट्रोलवर बोट असताना माउसचं चाक फिरलं. वरच्या पट्ट्याच नाहीशा झाल्या, एफ-११ दाबलं गेलं.

या सगळ्यांत एक धागा आहे आणि तो हाती लागायला मला बरीच वर्षं लागली. आधी वाटायचं, लोकांना संगणक अवघड जातो. पण हेच दिवाणजी हुंडेकऱ्याचा, तोलाईचा, हमालीचा, बाजार समितीच्या सेसचा हिशेब तोंडी करायचे. अवघड या माणसांना नवं नव्हतं. ते अडायचे ते दुसऱ्याच ठिकाणी. काल जी कळ दाबल्यावर जे झालं, ते आज त्याच कळीने होत नाही, आणि का होत नाही हे यंत्र दिसेल अशा जागी सांगत नाही, तिथे.

नंतर वाचनात आलं, की हे दुखणं संगणकाच्या पडद्याइतकंच जुनं आहे आणि त्यावर एका माणसाने आयुष्यभर बोट ठेवलं होतं. लॅरी टेस्लर त्याचं नाव. १९७०च्या दशकात तो कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात होता. तिथे ब्राव्हो नावाचा मजकूर लिहायचा प्रोग्राम होता. त्यात यंत्र एकतर आज्ञा घेण्याच्या अवस्थेत असायचं नाहीतर लिहून घेण्याच्या. त्याची एक गोष्ट संगणकवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. लिहिण्याच्या अवस्थेत आहोत अशा समजुतीने कुणी ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टाइप केला, की यंत्र त्यातल्या एकेका अक्षराला आज्ञा समजायचं. ई म्हणजे सगळा मजकूर निवड, डी म्हणजे पुसून टाक, आय म्हणजे आता नवं लिहून घे. उरलं टी. म्हणजे अख्खा मजकूर जाऊन त्या जागी एकटं टी हे अक्षर. टेस्लरने नव्याने रुजू झालेल्या एका सेक्रेटरीला कोऱ्या पडद्यासमोर बसवून विचारलं, की तुला मजकुरात दुरुस्ती करायची झाली तर तू काय करशील? तिने बोटाने जे दाखवलं त्यातून, आणि टिम मॉट या सहकाऱ्याबरोबर, त्याने जिप्सी हा प्रोग्राम घडवला, पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेच्या संपादकांसाठी. आज आपण कट, कॉपी, पेस्ट करतो ते त्याच घराण्यातलं. अशा लपलेल्या अवस्थांना इंग्रजीत मोड म्हणतात आणि टेस्लरचा त्यांच्यावर इतका राग, की गाडीच्या नंबरप्लेटवरही त्याने ‘नो मोड्स’ लिहून घेतलं होतं. २०२०च्या फेब्रुवारीत तो गेला. माझ्या धंद्याचं निम्मं उत्पन्न, त्याचं कुणी पुरतं ऐकलं नाही म्हणून आहे, असं मी गमतीने म्हणतो.

पण टेस्लरने मराठी टायपिस्ट पाहिला नव्हता. इंग्रजीत काम करणाऱ्याला कॅप्स लॉक आणि इन्सर्ट एवढीच भुतं. आपल्याकडे त्यांच्या डोक्यावर लिपी बसलेली. एका सहकारी संस्थेच्या कार्यालयात एकाच टेबलावर आळीपाळीने तिघं बसायचे. एकाचा हात टाइपरायटरवर बसलेला, त्याला जुन्या रेमिंग्टनचीच मांडणी हवी. दुसरी मुलगी इन्स्क्रिप्ट शिकून आलेली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. तिसरा इंग्रजी अक्षरांतून मराठी काढणारा, म्हणजे ‘के’ दाबला की क. तिघंही आपापल्या जागी सराईत. पण सकाळी येणाऱ्याला यंत्र आदल्या दिवशीच्या माणसाच्या मांडणीत सापडायचं आणि नोटिसीच्या पहिल्या ओळीलाच ‘मा. सभासद’ऐवजी भलतंच काहीतरी उमटायचं. यावरून कचेरीत अबोला धरण्यापर्यंत मजल गेली होती. तिघांनाही एकच मांडणी शिकवा, असं चेअरमनसाहेबांचं म्हणणं. मी तिघांची तीन वेगळी खाती उघडून दिली, प्रत्येकाला त्याचं चित्र आणि खात्यात त्याचीच एक मांडणी. दुसऱ्या मांडणीकडे जायची वाटच ठेवली नाही. पुन्हा त्या कारणासाठी मला कुणी बोलावलं नाही.

त्याआधीचा काळ तर विचारू नका. विंडोज २००० आलं तेव्हा युनिकोडमधली मराठी घरात आली, पण विंडोज एक्सपीवर ती चालू करायची म्हणजे कंट्रोल पॅनेलात जाऊन, गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा, त्यांत थाईसुद्धा, अशा अर्थाच्या चौकटीवर खूण करायची. मग यंत्र मूळ सीडी मागायचं. ती सीडी गिऱ्हाइकाकडे कधीच नसायची, म्हणून माझ्या पिशवीत कायम. ज्ञानेश्वरीची भाषा लिहायला थाईच्या चौकटीवर टिक करावी लागते, हे मी कित्येक कार्यालयांत तोंड गंभीर ठेवून समजावलं आहे.

जुन्या फॉन्टांचा घोळ याहून मोठा होता. कृतिदेवसारख्या फॉन्टात पडद्यावर क दिसतो, पण फाइलीत खरं तर इंग्रजी डी साठवलेला असतो. फॉन्ट म्हणजे नुसता मुखवटा. फाइल दुसरीकडे नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की मुखवटा गळून पडायचा. लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन छापखान्यात गेलेल्या माणसाला तिथल्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा आणि मुलीचा बाप घाम पुसत मला फोन करायचा. त्याला मी फॉन्टचं शास्त्र कधी सांगितलं नाही. पेन ड्राइव्हवर फाइलीबरोबर एक पीडीएफ करून द्यायचो, काम भागायचं.

पासवर्डचं प्रकरण मात्र खरोखर वाईट. एका पतसंस्थेत संध्याकाळी कुणीतरी मराठीत नोटीस टाइप करून संगणक तसाच कुलूपबंद करून गेलं. सकाळी कॅशियरने पासवर्ड टाकला. पडद्यावर नुसते ठिपके, आत जातायत देवनागरी अक्षरं. दारात खातेदारांची रांग. ठिपके मराठी आहेत की इंग्रजी, हे सांगणारी खूण कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरांत होती. ती तिथे आहे, हे इतकी वर्षं त्या खुर्चीत बसूनही त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं.

तेव्हापासून नवं यंत्र बसवताना मी जे करतो ते शिकवण्यापेक्षा झाकण्याचं काम जास्त आहे. शिफ्टच्या त्या सगळ्या सोयी, पाचदा दाबल्यावर चालू होणारी स्टिकी कीजसुद्धा, ज्याला गरज आहे त्याला ठेवून बाकीच्यांकडे बंद. पडदा फिरवणाऱ्या कळा बंद. खालची पट्टी जागेवर पक्की. वर्डमध्ये आपोआप जतन व्हायची वेळ मुळात दहा मिनिटांची असते, ती एक मिनिटावर. भारनियमनाच्या दिवसांत ही एक गोष्ट लोकांनी सर्वांत जास्त दुवा देऊन आठवली; यूपीएस शिटी मारायला लागला की माणसाचे हातपाय गळायचे आणि सेव्ह करण्याऐवजी तो खिडकीतून शेजाऱ्याची लाइट गेली का ते बघायचा. सगळ्या प्रोग्रामांची फाइल ठेवायची जागा एकच, डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरात. ‘‘सेव्ह तर केलं, पण गेलं कुठं?’’ हा प्रश्न त्यामुळे जवळपास संपतो.

माउसची गोष्ट वेगळीच. दोनदा टकटक करणं आपल्याला सोपं वाटतं. साठीच्या पुढच्या हाताला ते जमत नाही, कारण पहिल्या आणि दुसऱ्या टिचकीच्या मध्ये हात केसभर सरकतो, आणि यंत्राला वाटतं की हा माणूस फोल्डर ओढून नेतोय. तो शेजारच्या फोल्डरात जाऊन पडतो. नातवाच्या बारशाचे फोटो नाहीसे झाले म्हणून ज्या घरांतून रडके फोन आले, तिथे बहुतेक वेळा फोटो शेजारच्या फोल्डरात सुखरूप होते. विंडोजमध्ये एका टिचकीत उघडायची सोय फार पूर्वीपासून आहे, पण ती अशा ठिकाणी आहे की जिला तिची गरज आहे ती व्यक्ती तिथवर कधी पोचणार नाही. किंवा आणखी सोपं म्हणजे एकदा टिचकी, मग एंटर. मी हेच सांगतो.

ओढायला शिकवायचं तर मात्र पत्त्यांसारखं दुसरं काही नाही. सॉलिटेअर हा खेळ १९९०च्या विंडोज ३.० बरोबर आला. वेस चेरी नावाच्या एका उमेदवारी करणाऱ्या तरुणाने तो लिहिला आणि पत्त्यांची चित्रं काढली मॅकिंटॉशच्या आयकॉनांमुळे नावाजलेल्या सूझन केअरने. खेळता खेळता लोकांचा हात माउसवर बसला. काही वर्षांनी आपल्याकडे एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा आली, २००१मध्ये, आणि सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागायला लागल्यावर गावोगावी वर्ग भरले. मी पाहिलेल्या एका वर्गात खेळ काढून टाकलेले होते, विद्यार्थी वेळ वाया घालवतात म्हणून. निवृत्तीला आलेले एक पोस्टमास्तर तिथे माउस टेबलावरून उचलून हवेत धरायचे. त्यांना मी माझ्या दुकानात पत्ते लावून दिले. बदामावर इस्पिक, इस्पिकावर चौकट. पुढच्या आठवड्यात फाइल ओढून पेन ड्राइव्हवर टाकायला लागले, आणि आपण ‘शिकतोय’ हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पण खेळ वेगळा आणि पोरखेळ वेगळा. मायक्रोसॉफ्टने १९९५मध्ये बॉब नावाचा एक प्रकार काढला होता. पडद्यावर घराची खोली, भिंतीवर घड्याळ, टेबलावर वही, आणि वाट दाखवायला रोव्हर नावाचा कुत्रा. ज्यांना संगणक कळत नाही त्यांच्यासाठी. वर्षभरात तो गुंडाळला. कुत्रा तेवढा मागे उरला आणि एक्सपीमध्ये फाइल शोधायच्या जागी येऊन शेपूट हलवत बसला. माझ्या गिऱ्हाइकांतली पोरं त्याच्यावर खूश, वडीलधारे विचारायचे, ‘‘ह्याला काढता येतं का?’’ चाळीस वर्षं खतावणी लिहिलेल्या माणसाशी बोबडं बोललं तर तो दुखावतो.

आता वह्यांबद्दल. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. घरगुती संगणक वापरणाऱ्या जवळपास प्रत्येक ज्येष्ठ माणसाकडे एक वही असते. बहुधा नातवाची अर्धी उरलेली, नाहीतर बँकेने दिलेली डायरी. यंत्राला हात लावण्याआधी मी ती वही मागून घेतो. एका काकूंच्या वहीत मुलीला अमेरिकेत व्हिडिओ कॉल लावायची कृती अशी होती : ‘डावीकडे खाली हिरवं बटण. मग निळा ढग. थांबणे. पांढऱ्या यादीत तिसरी, जांभळ्या साडीतली. मग वर हिरवा फोन. आवाज नाही आला तर काळ्या डब्याचं चाक.’ काळा डबा म्हणजे स्पीकर. अशा कितीतरी वह्या मी पाहिल्या. त्यांत प्रोग्रामचं नाव सहसा नसतं. असतो तो रंग आणि असते ती जागा. वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, कितवा. मेन्यूतल्या शब्दांवर डिझाइन करणाऱ्यांनी किती खल केला असेल, पण ते शब्द या वह्यांत उतरलेच नाहीत.

हे कळल्यावर माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक नवी आवृत्ती म्हणजे गावभरच्या या वह्या रद्दी होणं. स्टार्टचं बटण विंडोज ९५ बरोबर आलं, २४ ऑगस्ट १९९५ला. एक्सपीत ते हिरवं होतं, नंतर गोल झालं. २०१२च्या विंडोज ८मध्ये ते डाव्या कोपऱ्यातून काढूनच टाकलं, पुढच्या वर्षी ८.१मध्ये बटण परत आणलं, आणि त्यामागची जुन्या धर्तीची यादी २०१५मध्ये विंडोज १०बरोबर आली. २०२१च्या विंडोज ११मध्ये ते पट्टीच्या मध्यावर सरकलं. २००७च्या ऑफिसमध्ये फाइल, एडिट, व्ह्यू ही वरची ओळ जाऊन चित्रांची रुंद पट्टी आली. या प्रत्येक बदलामागे विचार होता, चाचण्या होत्या. नवशिक्याला त्यांतलं बरंच सोपं वाटलंही असेल. मला एवढंच दिसतं, की सोपेपणा मोजताना नेहमी पहिल्यांदा बसलेला माणूस धरला जातो. दहा वर्षं रोज बसणारा, पण संगणकाची अजिबात आवड नसलेला माणूस कुणी धरत नाही. जगात तोच जास्त आहे. त्याला नवं काही नको असतं. लाइटबिल भरून त्याला उठायचं असतं.

याचा उलटा पुरावाही मला मिळाला. ८ एप्रिल २०१४ला एक्सपीचा पाठिंबा संपला, तेव्हा एका लहान सार्वजनिक वाचनालयात तीन जुनी यंत्रं होती. नवं विंडोज त्यांना झेपणारं नव्हतं आणि वाचनालयाला नवी यंत्रं झेपणारी नव्हती. मी त्यांवर हलकं लिनक्स टाकलं. मित्र म्हणाले, लोकांना लिनक्स कसलं जमतंय! पण मी एक केलं. पट्टी खाली, मेन्यू डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजव्या कोपऱ्यात, ब्राउझरचा आयकॉन पूर्वी जिथे होता त्याच जागी. आतलं सगळं यंत्र बदललं आणि ग्रंथपाल बाईंनी एवढंच विचारलं, की ती हिरवी टेकडी कुठे गेली. चार्ल्स ओरिअरने १९९६मध्ये कॅलिफोर्नियात टिपलेला तो फोटो एक्सपीमुळे अर्ध्या जगाच्या डोळ्यांत बसला आहे. टेकडीसारखी टेकडी शोधून लावली आणि विषय मिटला. कुरबुर झाली ती प्रिंटरची. एका जुन्या प्रिंटरने शेवटपर्यंत दाद दिली नाही. आणि कार्यकारिणीची जुनी इतिवृत्तं जुन्या फॉन्टात होती, ती उघडायला एक विंडोजवालं यंत्र कपाटाशेजारी ठेवावंच लागलं. फुकटचं आहे म्हणून सगळं जुळतं असं नाही.

झाकण्याच्या माझ्या धोरणाला पहिला जोरदार विरोध झाला तो विश्रामबागेतल्या एका निवृत्त गणिताच्या बाईंकडून. त्यांच्या मुलाने मला सांगितलं होतं, आईला त्रास नको, चार आयकॉन ठेवा, बाकी सगळं बंद. मी तसं केलं. दोन दिवसांनी बाईंचा फोन. ‘‘हे पैसे माझ्या पेन्शनीतले. मग कपाटाला कुलूप घालून किल्ली माझ्या मुलाकडे का?’’ मी म्हटलं, ‘‘बाई, चुकून काही दाबलं जाऊ नये म्हणून.’’ त्या म्हणाल्या, ‘‘चुकून दाबल्याशिवाय पोरांना वर्गमूळ आलेलं मी पाहिलेलं नाही. तुम्ही मला परत कसं यायचं ते सांगा. कुठं जायचं ते मी बघते.’’

मी त्यांना कंट्रोल-झेड दाखवलं. एस्केप दाखवलं. रीसायकल बिनमधून परत कसं आणायचं, ब्राउझरमध्ये चुकून मिटलेलं पान कसं उघडायचं, कंट्रोल आणि शून्य दाबून अक्षरं मूळच्या आकारात कशी आणायची. एवढंच एका कागदावर, मोठ्या अक्षरांत. त्यांनी वरच्या बाजूला अधोरेखित मथळा घातला : परतीचे मार्ग. वर्षभरात त्या माझ्यासमोर एक्सेलमध्ये सोसायटीचा मेंटेनन्स मांडून दाखवत होत्या.

त्यावरून मला आमच्या गावातल्या नेट कॅफेंचे दिवस आठवले. बऱ्याच कॅफेवाल्यांनी डीप फ्रीझ नावाचं सॉफ्टवेअर टाकलेलं असायचं. दिवसभर कुणी काहीही उलटंपालटं करो, यंत्र बंद करून चालू केलं की जसंच्या तसं. वर सांगितलेले पोस्टमास्तर घरच्या संगणकाला सुनेला विचारल्याशिवाय हात लावायचे नाहीत, आणि कॅफेत तासाचे पैसे भरून बिनधास्त वाट्टेल ते उघडायचे. ‘‘इथलं काय बिघडत नाही,’’ असं सांगायचे. यंत्र तेच आणि माणूसही तोच. फरक एवढाच, की इथे केलेलं पुसलं जाणार याची खात्री होती. माझ्या हिशेबात यातून दोन वाटा निघतात आणि मी दोन्ही चालतो. पतसंस्थेच्या काउंटरवर, अडत दुकानात, दवाखान्यात मी दारं बंदच करतो, कारण तिथे माणूस शिकायला बसलेला नाही आणि समोर रांग आहे. घरी मात्र आधी वापरणाऱ्याला विचारतो, पैसे देणाऱ्या मुलाला नाही. मुलांना हे आवडत नाही. पुण्याहून किंवा दुबईहून फोन येतो, ‘‘काका, बाबांना इतकं सगळं कशाला उघडून दिलंत?’’

त्यांची भीती अगदीच खोटी म्हणता येत नाही. अलीकडे लुबाडणाऱ्यांनी या सगळ्याचा अभ्यास डिझाइनवाल्यांपेक्षा बारकाईने केलेला दिसतो. ब्राउझर एकदम पूर्ण पडदाभर होतो, वरच्या पट्ट्या गायब, मोठा भोंगा वाजतो आणि तांबड्या चौकटीत लिहिलेलं असतं, की तुमच्या यंत्रात व्हायरस आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. ते निव्वळ एक वेबपान असतं. पण एफ-११ने पट्ट्या जातात हे ज्याला ठाऊक नाही, त्याला अख्खा संगणक ताब्यात गेल्यासारखं वाटतं. एक निवृत्त अधिकारी त्या नंबरवर फोन लावून समोरच्याने सांगितलेला, दूरवरून पडदा चालवायचा प्रोग्राम उतरवून घेत होते, तेवढ्यात पत्नीने माझा नंबर फिरवला. मी सांगितलं, आधी राउटरचं बटण बंद करा. मग एस्केप दाबून धरा, नाहीच गेलं तर ऑल्ट आणि एफ-४. गेलं. आता प्रत्येक घरात परतीच्या मार्गांच्या कागदावर ही ओळ सर्वांत वर असते, आणि राउटरच्या स्विचवर तांबडी टिकली चिकटवलेली.

सध्या धावपळ आहे ती विंडोज १०ची. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा नेहमीचा पाठिंबा संपला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. २०१५-१६च्या सुमाराला मीच बसवून दिलेली, अजून उत्तम चालणारी यंत्रं त्यात बसत नाहीत. काहींवर लिनक्स टाकतोय, काही जण नवी घेतायत. नवं देताना आधी जुन्याच्या पडद्याचे मोबाइलवर फोटो काढतो, कुठला आयकॉन कुठे, पट्टी केवढी, पॉइंटर केवढा, माउसचा वेग किती. मग ११च्या सेटिंगमध्ये जाऊन स्टार्टचं बटण मधून उचलून डावीकडे आणतो, ती सोय सुदैवाने ठेवलेली आहे, आणि बाकीचं फोटो बघत एकेक मांडतो. नंतर वही घेऊन, वापरणाऱ्याला शेजारी बसवून, वहीतली प्रत्येक कृती नव्या यंत्रावर करून पाहतो. जिथे जुळत नाही तिथे वहीत पेन्सिलीने दुरुस्ती, पेनाने नाही. या कामाला यंत्र जोडण्याच्या दुप्पट वेळ जातो. बिलात ते इन्स्टॉलेशनमध्येच धरतो. मालक लोक त्यावर घासाघीस करतात, आणि मी थोडे कमी करून देतोही.